हा दगड कशासाठी?

समजा, तुमच्या समोर टेबलावर एक दगड ठेवला आहे. काळसर, चपटा-गोल आणि बरोबर मध्यभागी आरपार भोक. आकार थेट मेदूवड्यासारखा, पण तळहातावर मावणार नाही एवढा मोठा. दगड कोणीतरी मुद्दाम घडवला आहे यात शंका नाही, कारण असे भोक पाऊस-पाणी सहसा पाडत नाही. कोणी घडवला हे माहीत नाही, केव्हा घडवला हेही माहीत नाही. आता प्रश्न असा, की तो कशासाठी घडवला असेल?

लेख पुढे वाचण्यापूर्वी तुमचे उत्तर एका कागदावर लिहून ठेवा. शिक्षकांनीही लिहावे.

दोन वर्षांपूर्वी असाच एक दगड माझ्या टेबलावर आला. आमच्या शेजारी राहणारा नववीतला एक विद्यार्थी तो पिशवीतून घेऊन आला होता. विरार पूर्वेला एका इमारतीच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याशेजारी मातीचा ढीग होता, त्यावर त्याला तो मिळाला. मुलगा मोठा टापटिपीचा. घरी नेल्याबरोबर त्याने दगड साबणाने धुतला, तारेच्या घासणीने घासला आणि शेवटी, तांब्याची भांडी लख्ख होतात तसा हाही होईल म्हणून, लिंबू चोळून उजळला! दगड खरोखरच सुंदर दिसत होता.

"सर, हे काय असेल?"

मी दगड हातात घेतला, भोकातून पलीकडे पाहिले आणि क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, "गदा. अश्मयुगातील गदेचे डोके. भोकात दांडा बसवायचा आणि शत्रूच्या टाळक्यात घालायची."

पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने असे छातीठोकपणे सांगितल्यावर मुलगा कशाला शंका घेतो? शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याने दगड मांडला, मागे 'अश्मयुगीन गदा' असा मोठा तक्ता लावला, आणि त्याला बक्षीसही मिळाले. संध्याकाळी तो पेढे घेऊन आला आणि जाता जाता म्हणाला, "सर, पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, गदा आहे हे तुम्हाला कसं कळलं? मी सांगितलं, सरांनी सांगितलं म्हणून."

पेढा गोड लागला नाही. वर्गात मी अनेक वर्षे मुलांना बजावत आलो आहे की उत्तर चुकले तरी चालेल, पण ते कशावरून काढले ते लिहा. आणि येथे माझ्याच उत्तराखाली 'कशावरून' ची जागा कोरी होती. दुसऱ्या दिवशी मी त्या मुलाला दगड घेऊन पुन्हा बोलावले. बरोबर पट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि एक बादली आणायला सांगितली.

आधी मोजा, मग बोला

दगडाचा व्यास ११ सेंटिमीटर, जाडी ५ सेंटिमीटर, वजन १ किलो १२० ग्रॅम. आकारमान काढण्यासाठी आर्किमिडीजची जुनी युक्ती वापरली. काठोकाठ भरलेल्या भांड्यात दगड सोडला आणि सांडलेले पाणी मोजले. ते भरले ३८५ घन सेंटिमीटर. वजनाला आकारमानाने भागा, घनता मिळते सुमारे २.९. हा बेसाल्ट, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण. तो महाराष्ट्रात पायाखाली बहुतेक ठिकाणी आहे, त्यामुळे दगड कुठून आणला असेल याचा काही धागा त्यातून मिळत नाही.

भोक मात्र बोलके निघाले. दोन्ही तोंडांशी ते ४ सेंटिमीटर रुंद होते आणि मध्ये निमुळते होत अडीच सेंटिमीटरवर आले होते. डमरूचा आकार डोळ्यांसमोर आणा, म्हणजे भोकाच्या पोकळीचा आकार कळेल. असे भोक एका दमात आरपार पाडलेले नसते. कारागीर एका बाजूने अर्ध्यापर्यंत येतो, मग दगड उलटा करून दुसऱ्या बाजूने सुरुवात करतो आणि मध्यावर दोन्ही खळगे एकमेकांना मिळतात. आमच्या दगडात ते अगदी नेमके मिळाले नव्हते. आत बोट फिरवले की एक बारीक पायरी लागत होती. हजारो वर्षांपूर्वीची असो की शंभर वर्षांपूर्वीची, कोणा माणसाच्या हाताची ती चूक बोटाला लागली तेव्हा अंगावर शहारा आला, हे कबूल करतो.

लोखंडावाचून असे भोक पाडता येते का? येते. टोकदार कठीण दगडाने टोचा मारीत खळगा वाढवायचा, किंवा बांबूच्या नळीखाली ओली वाळू घालून ती नळी दोन्ही तळहातांमध्ये घुसळायची. बांबू दगडाला कापत नाही, वाळू कापते. वाळूतील गारेची कठिनता मोहच्या मापक्रमात ७ आहे, तर बेसाल्टमधील मुख्य खनिजांची ५ ते ६ च्या आसपास. एका अंकाचा फरक आणि भरपूर सवड, एवढ्यावर दगडाला भोक पडते. म्हणून ज्याने हे केले त्याला तो दगड फार हवा होता, एवढे निश्चित.

पण कशासाठी?

पाच उत्तरे आणि थोडे गणित

असे भोकाचे दगड जगभर सापडले आहेत आणि त्यांचे उपयोगही एकापेक्षा अधिक सांगितले गेले आहेत. इजिप्तमध्ये ते गदेचे डोके होते यात वाद नाही. कारण नार्मर राजाच्या प्रसिद्ध शिलाफलकावर राजा गदा उगारून उभा असलेला कोरला आहे आणि त्याच राजाचे कोरीव दगडी गदाशीर्षही हिएराकोनपोलिस येथील उत्खननात मिळाले. चित्र आणि वस्तू दोन्ही हाती असली की तर्काला फारसे काम उरत नाही.

दक्षिण आफ्रिकेत मात्र उत्तर वेगळे आहे. तेथील सान लोकांच्या स्त्रिया कंदमुळे खणण्याच्या काठीला वजन यावे म्हणून असा दगड काठीत ओवीत. तेथील शैलचित्रांत अशा काठ्या घेतलेल्या बाया रंगवलेल्या आहेत. शिवाय तोच दगड जमिनीवर आपटून मृतात्म्यांना साद घालीत, अशीही नोंद आहे. हा शेवटचा उपयोग तुमच्यापैकी किती जणांनी कागदावर लिहिला होता? मला तर तो सात जन्मांत सुचला नसता. उपयोग ओळखताना आपण नेहमी आपल्या माहितीतल्या वस्तूंच्याच यादीतून निवड करतो, आणि खरे उत्तर त्या यादीत नसेल तर काय, हा विचार मनात येत नाही.

असो. आमच्यापुढे पाच तर्क होते : गदा, खणण्याच्या काठीचे वजन, मासेमारीच्या जाळ्याचे वजन, हातमागावर ताणे ताठ ठेवणारे वजन, आणि सामता, म्हणजे भोक पाडण्याचे यंत्र, फिरवताना त्याला गती टिकवून धरणारे चाक. प्रत्येक तर्काला एकच प्रश्न विचारायचे ठरवले : तू खरा असशील, तर दगडात मला काय दिसले पाहिजे?

चाकाचा निकाल सर्वांत लवकर लागला. फिरणाऱ्या चाकाचा गुरुत्वमध्य आसावर असावा लागतो. तो बाजूला असेल तर चाक थरथरते आणि आस धड राहत नाही. आम्ही भोकातून एक गुळगुळीत लोखंडी सळई घातली, ती आडवी धरली आणि दगड अलगद फिरवून सोडला. दर वेळी एकच कड खाली येऊन दगड थांबला. म्हणजे ती बाजू जड आहे, भोक नेमके मध्यावर नाही. चाक बाद.

मागाचे वजनही फार वेळ टिकले नाही. इसवी सनापूर्वी दुसऱ्या सहस्रकात महाराष्ट्रात सूत काढले जाई हे खरे. पुणे जिल्ह्यातील चांडोली आणि अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे तांब्याच्या मण्यांत ओवलेले धागेसुद्धा सापडले आहेत. परंतु उभ्या मागाला अशी वजने एक-दोन लागत नाहीत, सारख्या वजनाची पुष्कळ लागतात. युरोपात ती भिंतीलगत रांगेने पडलेली मिळतात. आमचा दगड एकटा होता. निदान त्या मुलाने एकटाच उचलला होता. शेजारी आणखी होते का? "पाहिलं नाही सर," तो म्हणाला. तर्क बाद केला, पण जरा चाचरतच.

जाळ्याच्या वजनाबद्दल मात्र आम्हाला विचारायला माणसे होती. वसईचा पाचूबंदर काय किंवा अर्नाळा काय, पिढ्यान्पिढ्या जाळी टाकणाऱ्यांची वस्ती. जाळ्याला दगडाची वजने बांधण्याची पद्धत त्यांना नवी नाही. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही तर्क योग्य आहे. समुद्राच्या पाण्याची घनता १.०३ धरा. ३८५ घन सेंटिमीटरच्या दगडाने सुमारे ३९७ ग्रॅम पाणी बाजूला सारले, म्हणजे पाण्यात त्याचे वजन ७२३ ग्रॅम उरले. तेवढ्याच वजनाची भाजलेल्या मातीची गोळी केली (घनता सुमारे २) तर पाण्यात जेमतेम ५४० ग्रॅम उरतील. जाळे बुडवायला दगड केव्हाही सरस.

अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करीत बसलेल्या एका वृद्ध नाखवांना आम्ही दगड दाखवला. त्यांनी तो उलटासुलटा केला, अंगठा भोकाच्या काठावरून फिरवला आणि परत दिला. "सर, दोरी दगडाला खाते. एकाच बाजूला खाते. ह्याला कुठे खाल्लेलं नाही." झाले! दोन वाक्यांत निकाल. दोरीला टांगलेला दगड नेहमी एकाच जागी दोरीवर भार टाकतो आणि तेथे खाच पडते. आमच्या भोकाचा काठ सगळीकडून सारखा होता. माझे उत्तर ज्या पद्धतीने यायला हवे होते, ती पद्धत त्यांच्या अंगठ्यात होती.

उरली दोन उत्तरे. गदा आणि खणण्याची काठी. आणि येथे सारा प्रश्न जडत्वावर येऊन ठेपला.

टिकावाचा दांडा कधी नीट पाहिला आहे का? तो एका टोकाला जाड असतो. टिकावाचे पाते बारीक टोकाकडून ओवून जाड टोकाकडे सरकवतात. का? टिकाव गोल फिरवताना पाते सरळ रेषेत पुढे जाऊ पाहते, म्हणजे दांड्यावरून बाहेर निसटू पाहते. दांडा टोकाशी जाड असला की ते अडते आणि जितके जोराने फिरवाल तितके घट्ट बसते. गदेचेही तसेच. तिचे डोके दांड्याच्या दूरच्या टोकाकडे ओढले जाणार.

खणण्याच्या काठीत गोष्ट उलटी आहे. काठी उभी धरून सरळ खाली मारायची. टोक जमिनीत रुतले की काठी एकदम थांबते, पण दगड थांबायला तयार नसतो. तो काठीवरून खाली घसरू पाहतो. म्हणून काठी दगडाच्या खाली जाड हवी, किंवा वरून पाचर ठोकलेली हवी.

हे मी मुलाला फळ्यावर आकृती काढून समजावले. पण खरे समजले ते कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावर. मूळ दगड वापरायचा नाही असे ठरवून आम्ही एका वाडग्यात तेवढ्याच वजनाचे सिमेंटचे कडे ओतले, त्यात बाभळीची काठी घातली आणि ओल्या वाळूत पहिला घाव घातला. कडे काठीवरून सुळकन खाली आले आणि माझ्या अंगठ्यावर आदळले. न्यूटनचा पहिला नियम मी अनेक वर्षे शिकवला, तो त्या दिवशी पायाने शिकलो. त्यानंतर काठीचे जाड टोक खाली घेतले आणि दर घावागणिक कडे आपोआप घट्ट होत गेले.

आता वजनाने फायदा किती होतो ते पाहू. अडीच सेंटिमीटर जाड, एक मीटर लांब काठीचे वजन साधारण ३७० ग्रॅम. ती अर्धा मीटर उचलून नुसती सोडली तर जमिनीपाशी तिच्याजवळ ०.३७ × ९.८ × ०.५, म्हणजे १.८ जूल ऊर्जा असते. दगड ओवल्यावर एकूण वजन १ किलो ४९० ग्रॅम आणि ऊर्जा ७.३ जूल. जमीन १५० न्यूटन बलाने विरोध करते असे धरा. मग नुसती काठी सव्वा सेंटिमीटर रुतेल, दगडाची काठी जवळजवळ पाच सेंटिमीटर.

चतुर विद्यार्थी येथे हात वर करील : ऊर्जा फुकट कुठून आली? फुकट नाहीच. जड काठी उचलायला कष्टही चौपट पडले. मग फायदा कोणता? हलका चेंडू आणि पिसाचे फूल दोन्ही सगळ्या ताकदीनिशी फेकून पाहा. पिसाला तुमची ताकद घेताच येत नाही. हाताचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून हलक्या काठीला फार ऊर्जा देता येत नाही. जड काठी ती सामावून घेते. आपल्या अंगणातली लोखंडी पहार उगाच का एवढी जड असते? ज्यांच्याजवळ लोखंड नव्हते त्यांनी लाकडाची पहार करायची म्हटली तर वजन दगडाचेच ओवावे लागणार.

सांकलियांचा शब्द

महाराष्ट्रातील दगडी हत्यारांचा शास्त्रशुद्ध अभ्यास ज्यांच्या नावाशी जोडला आहे, ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया. त्यांनी १९४४ पासून गुजरातेत लांघणज येथे केलेल्या उत्खननात डॉ. इरावती कर्वेही होत्या. तेथे सूक्ष्म गारगोटी-हत्यारे, माणसांचे सांगाडे, आणि गेंड्याच्या खांद्याचे एक हाड मिळाले. त्या हाडावर लहान लहान खळगे होते. गेंड्याचे हाड ऐरणीसारखे खाली ठेवून त्यावर गारगोट्या फोडीत असावेत, असा अभ्यासकांनी अर्थ लावला. पाहा, खळगे जर नसते तर ते नुसते जेवणातले हाड ठरले असते.

पुढे १९५०च्या दशकात नर्मदाकाठी महेश्वरसमोर नावडातोली येथे ताम्रपाषाणयुगातील शेतकऱ्यांचे गाव त्यांनी उघडे केले. गहू, तांदूळ, मसूर, मूग, उडीद, जवस, सारे दाणे जळालेल्या स्थितीत मिळाले, पण नांगर मिळाला नाही. मिळाले ते भोकाचे जड दगड. तेव्हा हे लोक दगड ओवलेल्या काठीने जमीन उकरीत असावेत, असा तर्क सांकलियांनी मांडला.

तर्क चांगला होता. पण त्याचा एक पाय 'नांगर मिळाला नाही' यावर उभा होता. लाकूड कुजते. पुढे पुणे जिल्ह्यात इनामगावजवळ वाळकी येथे गुराच्या हाडापासून केलेला नांगराचा फाळ सापडला, म्हणजे त्या काळच्या महाराष्ट्रातील शेतकऱ्याला नांगर ठाऊक होता. यावरून भोकाचे दगड काठीचे नव्हते असे ठरत नाही. फक्त 'नांगर नव्हता म्हणून काठीच' हा मार्ग बंद होतो. न सापडलेल्या वस्तूवर इमारत बांधताना किती जपावे लागते, ते यातून दिसते.

सांकलियांनी १९६४ साली अश्मयुगीन हत्यारांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकात हत्यारे घडवण्याची तंत्रे आहेत, नावे आहेत, आणि तिसरा शब्दसमूह आहे 'संभाव्य उपयोग'. आयुष्यभर हत्यारे हाताळलेल्या माणसाने 'संभाव्य' हा शब्द थेट शीर्षकात घातला. मी पाच सेकंदांत 'गदा' म्हटले होते!

त्याच वर्षी लेनिनग्राडचे संशोधक सेम्योनोव यांच्या मूळ रशियन ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले. त्यांची पद्धत अशी. हत्याराची धार सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. लाकूड कापणारी, कातडे खरवडणारी, गवत कापणारी धार प्रत्येक वेळी वेगळ्या तऱ्हेने झिजते. मग तसेच नवे हत्यार बनवून तेच काम करायचे आणि दोन्ही झिजा शेजारी ठेवून पाहायच्या. आज याच्याही पुढे जाऊन दगडाच्या सूक्ष्म भेगांत अडकलेले पिष्टाचे कण शोधतात आणि ते कोणत्या वनस्पतीचे हे ओळखण्याचा प्रयत्न करतात. कंद खणणाऱ्या काठीच्या दगडाला कंदाचा चीक लागलेला असू शकतो.

आता तुमच्या लक्षात आले असेल की मी त्या दिवशी पेढ्याहूनही कडू काय गिळले असेल. आमचा दगड साबणाने धुतला होता, तारेने घासला होता आणि लिंबाने उजळला होता. भोकाच्या आत भिंगातून पाहिले तर घासणीचे ताजे ओरखडे चमकत होते. कडेला एक टवका उडालेला होता. गदा असेल तर कडेला असे टवके हवेत, म्हणून मला क्षणभर आनंद झाला. पण जुन्या बेसाल्टवर लोह गंजल्याने तपकिरी पापुद्रा धरतो आणि टवक्याची जागा मात्र स्वच्छ करडी होती. तो खोदणाऱ्या यंत्राच्या दातांचा प्रताप. भोकाच्या आत तपकिरी पापुद्रा असता तर भोकही जुने आहे एवढे तरी सांगता आले असते. तो होता की नव्हता? मुलाला आठवेना.

चौकशी करण्यासाठी आम्ही जागेवर गेलो. खड्डा भरून खांब वर आले होते. मातीचा ढीग कोठल्या तरी पाणथळ जागेत भरावाला गेला होता. दगड किती खोलीवर होता, सोबत खापरे होती का, राख होती का, काहीच कळणार नव्हते. मुलाने जुन्या विहिरीपासून पावले मोजून अंदाजाने जागा वहीत लिहिली, तेवढेच.

याच तालुक्यात नेमकी उलट गोष्ट घडून गेली आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी नालासोपाऱ्याजवळचा स्तूप खणला. आत दगडी पेटी होती. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती बुद्धाच्या आठ लहान मूर्ती. करंडकाच्या पोटात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, आणि त्यात मातीच्या भांड्याचे काही तुकडे. सुटे मिळाले असते तर त्या खापरांना कोणी हात लावला नसता. पण सोन्याच्या डबीत, स्तूपाच्या मध्यावर ते होते, म्हणून भगवानलालांनी ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे आहेत असा अर्थ लावला. तो अर्थ खापरात नव्हता. जागेत होता.

आमचा दगड खरोखर प्राचीन आहे की शे-दीडशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या विहिरीवरचा, हेही मी सांगू शकत नाही. अश्मयुगीन माणूस या भागात वावरला हे मात्र खरे. वसईहून लोकलने अर्ध्या तासावरच्या कांदिवलीला कमांडर टॉड या नौदल अधिकाऱ्याने १९३०च्या दशकात दगडी हत्यारे गोळा केली आणि मुंबईच्या किनाऱ्यालगत सूक्ष्म हत्यारांच्याही जागा नोंदवल्या. तेव्हा नव्या इमारतींच्या पायांत आणखी काही निघणे अशक्य नाही. तुम्हाला निघाले तर हलवण्यापूर्वी शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र घ्या, खोली व जागा लिहा, धुऊ नका. लिंबू तर नकोच. आणि घरी ठेवून घेऊ नका. जमिनीत मिळालेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी, असे १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो. राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला किंवा डेक्कन कॉलेजला कळवले तर वस्तू जाणकारांच्या नजरेखालून जाईल.

कळंबच्या प्रयोगाने काय सिद्ध झाले, असे शिक्षक विचारतील. असा दगड काठीला चालतो, एवढेच. तो चालवला होता हे त्याने सिद्ध होत नाही. गदेलाही तो चालला असता. माझे आजचे मत काठीच्या बाजूने झुकते, कारण यंत्राचा तो एक टवका सोडला तर कड शाबूत आहे आणि अडीच सेंटिमीटरचा दांडा गदेला मला नाजूक वाटतो. पण हे मत आहे.

पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात मुलाने तोच दगड पुन्हा मांडला. या वेळी तक्त्यावर मापे होती, घनता होती, पाच तर्क आणि प्रत्येकासमोर 'कशावरून'. बक्षीस मिळाले नाही. ती पाचवीतली मुलगी आता सहावीत होती. तिने सगळा तक्ता वाचला, भोकात बोट घालून ती पायरी चाचपली आणि विचारले, "आधी दगड गोल केला की आधी भोक पाडलं?"

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. भोक पाडताना दगड फुटण्याचा धोका असतो. मग गोलाई देण्याचे कष्ट आधी कोण वाया घालवील? पण भोक आधी पाडले असेल, तर कड भोकापासून सगळीकडे सारख्या अंतरावर राखणे सोपे होते, आणि आमच्या दगडाची एक बाजू तर जड आहे. म्हणजे उलटेच झाले असेल का? मेणाचा किंवा शाडूचा गोळा घेऊन दोन्ही प्रकारे करून पाहा आणि कोणत्या प्रकारात भोक मध्यापासून अधिक ढळते ते मोजा. आम्ही अजून मोजतो आहोत.